अमेरिकेचं राजकारण आणि अमेरिकेतली भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी ३१ वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. लेक न्यू जर्सीत असते. आजवर पाच फेऱ्या झाल्या, त्यातल्या गेल्या दोन्ही दिवाळ्या तिकडेच. परत आले की जुने विद्यार्थी, शेजारीपाजारी, नात्यातली मंडळी घरी येतात आणि चहा होईपर्यंत तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं आहे. नियमांबद्दल जे लिहिलंय ते २०२५ सरतानाचं आहे. तिकडचे नियम सध्या महिन्यामहिन्याला बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ स्वतः बघा.

बाई, तिथल्या लोकांनी ट्रम्पना पुन्हा निवडून दिलंच कसं?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असतं: लोक वेडे झाले. तसं नाही. मी सांगते ते ठिकाण नकाशावर बघा. न्यू जर्सीतून दीड तासावर पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम नावाचं गाव आहे. जगातल्या मोठ्या पोलाद कारखान्यांपैकी एक तिथे होता. १९९५ मध्ये तिथली भट्टी विझली आणि २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. त्या जुन्या झोतभट्ट्या अजून उभ्या आहेत, गंजून तांबूस झालेल्या, जवळजवळ वीस मजली उंच. त्यांच्या अंगाला लागून लोकांना चालायला एक उंच पूल केलाय. कारखान्याच्या उरलेल्या जागेत २००९ पासून जुगाराचा कॅसिनो चालतो.

त्या पुलावर मला एक सत्तरीचे गृहस्थ भेटले. नातवाला घेऊन आले होते. वडील आणि आजोबाही याच कारखान्यात होते म्हणाले. कठड्यावर हात ठेवून त्यांनी नातवाला कोळसा कुठून यायचा, लोखंड कुठून सुटायचं, आपली जागा कुठली होती ते दाखवलं. मग मला हातमोज्यातलं बोट दाखवलं, अर्धं तुटलेलं. कोणाला मत दिलं हे मी विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं: आधी दोनदा ओबामांना, मग ट्रम्पना, मग बायडेनना, आणि पुन्हा ट्रम्पना. ज्या नॉर्थॅम्प्टन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) हे गाव आहे तिचाही कल २००८ पासून नेमका असाच फिरत आलाय. प्रत्येक वेळी कोणीतरी कारखाने परत आणतो म्हणालं, आणि प्रत्येक वेळी या माणसाने विश्वास ठेवला.

मला त्या वेळी गिरणगाव आठवलं. १९८२ चा संप, त्यानंतर बंद पडलेल्या गिरण्या, आणि त्याच जागेवर उभे राहिलेले मॉल. आपल्याकडे लालबाग-परळच्या माणसाला वेडा म्हणायची कोणाची छाती होत नाही. मग बेथलेहेमच्या माणसाला का म्हणायचं? त्याचा राग खरा आहे. त्या रागाला परक्या माणसाच्या दारात नेऊन सोडलं, हे चूक आहे, आणि ते करणारे पुढारी दोषी आहेत.

शिवाय आकडेही डोळ्यांसमोर असू द्या. २०२४ मध्ये ट्रम्पना ३१२ आणि कमला हॅरिस यांना २२६ निर्वाचक मतं (ती काय असतात ते पुढे सांगते) मिळाली, म्हणून लाट आल्यासारखं दिसलं. प्रत्यक्ष लोकांची मतं बघितली तर ४९.८ टक्के विरुद्ध ४८.३ टक्के. दीड टक्क्याचा फरक. देश जवळजवळ मधोमध चिरला गेलाय.

म्हणजे तुम्ही ट्रम्प यांच्या बाजूच्या की विरोधातल्या?

विरोधातली. आडपडदा ठेवत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. ती माणसं बेकायदा गेली होती, त्यांना परत पाठवायचा अधिकार त्या देशाला आहे. पण पोटासाठी निघालेल्या माणसाला, बायकांनासुद्धा, साखळदंडात बांधून आणायचा अधिकार कोणत्याही कायद्यातून येत नाही. त्या दिवशी आपल्याकडच्या अनेक सुशिक्षित घरांतून मी ऐकलं की बरं झालं, बेकायदा जातात कशाला. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याची अप्रतिष्ठा होत असताना आपण कागदपत्रं बरोबर असल्याचं समाधान मानत बसलो.

जास्त मतं मिळूनही उमेदवार कसा हरतो?

वर्गात मी हे फळ्यावर दोन आकडे लिहून शिकवायचे. राष्ट्राध्यक्ष थेट लोक निवडत नाहीत. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक असतात, एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या चार कोटींच्या आसपास, तिला ५४. वायोमिंगची सहा लाखही नाही, तरी तिला ३. भागाकार करून बघा, वायोमिंगच्या एका माणसाचं मत कॅलिफोर्नियातल्या माणसाच्या तिपटीहून जड पडतं. त्यात मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी सगळीकडे राज्यात जो एका मताने पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. म्हणून २००० मध्ये आणि २०१६ मध्ये कमी मतं मिळालेला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक होती.

हे मला अन्यायाचं वाटतं. पण ते बदलायला घटनादुरुस्ती लागते आणि तिला तीन चतुर्थांश राज्यांची संमती हवी. ज्या लहान राज्यांना फायदा होतो ती आपल्या हाताने तो सोडणार नाहीत.

तुमच्या बोलण्यात सारखी काउंटी येते. एवढं काय आहे तिच्यात?

कारण अमेरिका वॉशिंग्टनमध्ये कमी आणि काउंटीत जास्त राहते. आपल्या जिल्ह्यासारखी समजा, पण तिथे जिल्हाधिकारी वरून नेमून येत नाही, बहुतेक कारभारी मतदानाने येतात.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लेकीच्या घरी टपालाने नमुना मतपत्रिका आली. नागरिक झाल्यावर तिचं ते पहिलंच मतदान. आम्ही दोघींनी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरली, शेजारी पोळ्यांची परात. मला वाटलं होतं दोन नावं असतील. प्रत्यक्षात वर राष्ट्राध्यक्ष, मग सिनेटर, मग प्रतिनिधिगृह, मग काउंटीचे पदाधिकारी, आणि सगळ्यात खाली शाळा मंडळाच्या जागा. एका बाजूला तेच सगळं स्पॅनिशमध्ये. लेकीला वरची नावं पाठ होती, शाळा मंडळातलं एकही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, अगं, तुझ्या मुलाच्या पुस्तकात काय असावं हे ही खालची माणसं ठरवणार, आणि तू त्यांना ओळखत नाहीस? त्या संध्याकाळी तिने शेजारणीला फोन करून चौकशी केली.

गेल्या काही वर्षांत शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकं काढण्याचे जे वाद पेटले ते याच शाळा मंडळांच्या सभांतून. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, बहुतेक राज्यांत निवडून येतो, आणि परदेशी माणसाला पकडून केंद्राच्या हवाली करायचं की नाही यात त्याचा मोठा हात असतो. शाळांचा बराचसा पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो, म्हणून ज्या वस्तीत घरं महाग तिथली शाळा चांगली, आणि शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग. आपली मुलं तिकडे घर घेताना शाळेचं मानांकन बघतात ना, ते याच चक्रात पाय टाकतात. गरिबाच्या मुलाला गरीब शाळा, हे त्या श्रीमंत देशाने कायद्यानेच ठरवून टाकलंय. माझ्यातल्या शिक्षिकेला याइतकं दुसरं काही बोचलं नाही.

राष्ट्राध्यक्ष एका सहीने एवढं सगळं कसं करू शकतो?

बरंचसं करू शकत नाही, पण न्यायालयात निकाल लागेपर्यंत ते होऊन गेलेलं असतं. ही खरी गोम आहे. आयात कराचं उदाहरण घ्या. कर बसवायचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून होणाऱ्या तिथल्या संसदेला दिलाय. ट्रम्प यांनी १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याचा आधार घेऊन जगभर कर लावले. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियाच्या तेलाचं कारण देऊन आणखी २५. तिथल्या लहान व्यापाऱ्यांनी खटले भरले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण तोवर ऑर्डरी रद्द झाल्या, कामगारांना घरी बसवलं गेलं. निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी गेलेले महिने परत येत नाहीत.

आणि एक गैरसमज काढून टाका. हा कर भारत भरत नाही. माल उतरवून घेणारा अमेरिकन आयातदार तो भरतो, आणि पुढे गिऱ्हाइकाकडून जमेल तेवढा वसूल करतो. लेकीच्या गावातल्या भारतीय दुकानात मसाल्याच्या पाकिटांवर जुन्या किमतीवर नवी चिठ्ठी चिकटवलेली मी स्वतः बघितली.

तिकडे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व मिळतं ते बंद होणार का?

२० जानेवारी २०२५ ला, पदावर आल्याच्या पहिल्याच दिवशी, ट्रम्प यांनी तसा आदेश काढला. आईवडील दोघेही नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील तर बाळाला नागरिकत्व नाही, म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींची बाळंही त्यात आली. न्यायालयांनी तो अडवला आणि वर्षाअखेर सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीला घेतलं.

माझं मत स्पष्ट आहे. १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांसाठी झाली. तुम्ही इथे जन्मलात म्हणजे इथलेच, तुमचा बाप कोण हे विचारलं जाणार नाही, असा तिचा अर्थ. १८९८ मध्ये वाँग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला चिनी आईबापांचा मुलगा खटला जिंकला, तेव्हा हे पक्कं झालं. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याचा रोग काय असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. ज्या गोष्टीसाठी जोतीरावांनी त्या देशाला नमस्कार केला, तीच आज तिथे मोडायला काढली आहे.

मुलगा इंजिनिअर आहे. एक लाख डॉलरचा नियम आल्यावर त्याला पाठवावं का?

आधी नियम नीट वाचा. २१ सप्टेंबर २०२५ नंतर अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवा एच-वन-बी अर्ज करायचा तर मालकाने एक लाख डॉलर भरायचे. ज्यांच्याकडे व्हिसा आधीच आहे त्यांच्या नूतनीकरणाला हे लागू नाही, आणि तिथेच शिकून विद्यार्थी व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यालाही सरकारने सूट असल्याचं सांगितलं. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी जाहीर झालं तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं. सुट्टीवर भारतात आलेली मुलं रातोरात विमानतळाकडे पळाली. माझ्या भाच्याच्या मित्राने बहिणीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री परतीचं तिकीट काढलं. मुंबईच्या विमानतळावर पोचेपर्यंत हातावरची मेंदी ओली होती.

पाठवावं की नाही हे मी सांगणार नाही, ते तुमच्या घरच्या ताळेबंदावर आहे. कर्ज काढून पाठवत असाल तर एवढं लक्षात घ्या की वर्षाला ८५,००० जागा, त्याही सोडतीने, आणि ग्रीन कार्डला कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची आहे. घर गहाण ठेवून सोडतीवर भरवसा ठेवू नका.

शटडाउन म्हणजे नक्की काय होतं? आपल्याकडे असं का होत नाही?

आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकारच पडतं. तिकडे काँग्रेसने खर्चाला मंजुरी दिली नाही तर सरकार राहतं आणि पगार थांबतो. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, ४३ दिवस, तोवरचं सगळ्यात लांब. भांडण आरोग्यविम्याच्या अनुदानावरून होतं.

मी तेव्हा तिथे होते. नोव्हेंबर लागला आणि गरिबांना मिळणारी अन्नमदत अडकली. देशात आठांतला एक माणूस तिच्यावर आहे. लेकीच्या घराजवळच्या चर्चमध्ये शनिवारी धान्यवाटप असतं, तिथे आम्ही डबे लावायला गेलो. रांगेत एक तरुण माणूस विमानतळावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याच्या गणवेशात होता. थेट कामावरून आलेला. पगार नाही पण ड्युटी चुकत नव्हती. छातीवरची नावाची पट्टी त्याने काढून खिशात ठेवली होती, पट्टीच्या जागी दोन भोकं दिसत होती. त्याने शेंगदाण्याचं लोणी आणि बाळाच्या लंगोटांचं पुडकं घेतलं आणि मान वर न करता तीनदा थँक्यू म्हणाला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत सरकारचा नोकर. त्या दिवसापासून विमानतळावर बूट-पिशव्या तपासणाऱ्या कोणावरही मी वैतागलेली नाही.

तिथले मराठी लोक कोणाला मत देतात? आपलं कोणी निवडून आलंय का?

भारतीय वंशाचे बहुतेक मतदार आजवर ट्रम्प यांच्या विरोधातल्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे राहिले, २०२४ मध्ये तरुण पुरुषांचा थोडा कल ट्रम्प यांच्याकडे गेला. मराठी घरांत मला दोन्ही दिसतं, कधी एकाच घरात.

निवडून आलेल्यांत श्री ठाणेदार आहेत, जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात. २०२२ ची निवडणूक जिंकून २०२३ पासून मिशिगनमधून, डेट्रॉइटच्या मतदारसंघातून ते प्रतिनिधिगृहात आहेत. बेळगावच्या गरिबीतून तिथवर जाणं मोठंच आहे आणि मला कौतुक आहे. पण डेट्रॉइट हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं शहर. ते निवडून आल्यावर १९५० च्या दशकानंतर पहिल्यांदाच त्या शहराचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही, आणि तिथल्या अनेकांना त्याचं दुःख झालं. आपण पेढे वाटताना तेही समजून घेतलं पाहिजे.

कारण आपलं त्यांच्याशी देणं आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की भारतीय गोरे नाहीत, म्हणून त्यांना नागरिकत्व नाही. आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडलं ते ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने. त्याच वर्षी ७ मार्चला अलाबामातल्या सेल्मा गावी मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांची पुलावर डोकी फुटली होती. वंशावरून माणसात भेद करणारे कायदे त्या लढ्याने लाजेने खाली पाडले, आणि त्या लाटेत कोणत्या देशातून किती माणसं घ्यायची ही कोटा पद्धतही गेली. आपण नंतर विमानाने उतरलो. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या लोकांत कोणी कृष्णवर्णीय वस्तीबद्दल वाईटसाईट बोललं की मी हे सांगते. एक-दोघांनी त्यानंतर मला बोलावणं बंद केलं. असो.

इमिग्रेशनवर फोन तपासतात का? राजकारणावर लिहिलेलं पुसून टाकावं का?

तपासायचा अधिकार त्यांना आहे. प्रत्यक्षात फार थोड्यांचा तपासतात, माझा एकदाही नाही. विद्यार्थ्यांना मात्र २०२५ च्या जूनपासून व्हिसाच्या वेळी आपली समाजमाध्यमांवरची खाती उघडी ठेवावी लागतात, डिसेंबरपासून एच-वन-बीवाल्यांनाही. स्वतःला भाषणस्वातंत्र्याचा देश म्हणवणाऱ्याला हे शोभत नाही. माझा सल्ला: खोटं बोलू नका, घाबरून काही पुसू नका, विचारलं तेवढंच सांगा. विद्यार्थी व्हिसावर असाल तर वकिलाचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा, फोनमध्ये नको.

आईबाबा सहा महिने राहू शकतात ना? व्हिसा तर दहा वर्षांचा आहे.

व्हिसा दहा वर्षांचा म्हणजे दारावर टकटक करायची परवानगी दहा वर्षांची. आत किती दिवस राहायचं हे उतरल्यावर अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. ती दुसऱ्याच दिवशी संकेतस्थळावर बघून छापून घ्या. एक दिवससुद्धा जास्त राहू नका, सध्या कोणी दयामाया दाखवत नाही. मुलीच्या बाळंतपणाला आले असं सांगताना ‘बाळ सांभाळायला’ असे शब्द वापरू नका, ते काम करणं समजलं जाऊ शकतं. भेटायला आलो, हे खरंही आहे आणि पुरेसंही.

विमा घेतल्याशिवाय जाऊ नका आणि जुन्या आजारांना तो बहुधा लागू नसतो हे गृहीत धरा. रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पाय मुरगळला तर आधी अर्जंट केअरला, म्हणजे किरकोळ दुखण्यांच्या दवाखान्यात जा. आम्ही पहिल्या फेरीत ह्यांना थेट तातडीच्या कक्षात नेलं, एक्स-रे आणि दोन गोळ्या, आणि बिल आलं ते बघून ह्यांचा पाय बरा झाला पण झोप गेली.

गाडी चालवता येत नाही. मग दिवसभर घरात बसायचं का?

बहुतेक आईवडिलांचं हेच होतं, आणि त्याला तिथली आखणी कारण आहे. रस्ता आहे पण पदपथ नाही, दूध आणायला तीन किलोमीटर. मुलगा-सून कामावर गेले की खिडकी आणि टीव्ही. यावर मला सापडलेलं औषध म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. कोणीही जाऊन बसावं, पैसे नाहीत, ओळखपत्र नाही. वयस्कांसाठी इंग्रजी बोलण्याचे वर्ग असतात. माझ्या वर्गात एक कोरियन आजोबा, दोन व्हेनेझुएलाच्या बहिणी आणि मी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्या बहिणी यायच्या बंद झाल्या. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्या खुर्च्या काही आठवडे तशाच मांडून ठेवल्या. कोणी काही विचारलं नाही, सगळ्यांना कळलं होतं.

लांब जायला बस आणि आगगाडी आहे, हळू पण चांगली. शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलला जाणारी कॅलिफोर्निया झेफर दोनाहून जास्त दिवस घेते. काचेच्या डब्यात बसून आयोवातली मक्याची शेतं, मग रॉकी पर्वत. रूळ बहुतांशी मालगाड्यांच्या कंपन्यांचे, म्हणून वेळेचा हट्ट धरू नका.

राष्ट्रीय उद्यानांचं तिकीट परदेशी लोकांना महाग झालंय, खरं का?

खरं आहे. १ जानेवारी २०२६ पासून वर्षाचा पास तिथल्या रहिवाशांना ८० डॉलर, आपल्याला २५०. पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी, झायन अशा ११ उद्यानांत परदेशी माणसामागे नेहमीच्या तिकिटाशिवाय १०० डॉलर. आपल्याकडे ताजमहालाला परदेशी माणसाकडून जास्त घेतात, तेव्हा दर वेगळा ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरी आहे. मोफत प्रवेशाच्या दिवसांतून मार्टिन ल्यूथर किंग यांची जयंती आणि गुलामगिरी संपल्याचा जूनटीन्थ हे दोन्ही काढले, आणि १४ जून घातला, जो ध्वजदिन आहे आणि ट्रम्प यांचा वाढदिवसही. तिकीट खिडकीवरच्या पाटीत राजकारण कसं दिसतं, ते हे.

मराठी माणसाने मुद्दाम काय बघावं?

पकिप्सी. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून दोन तास, जाताना डाव्या बाजूला बसा, सगळा वेळ हडसन नदी दिसते. स्टेशनवरून टॅक्सीने तिथल्या जुन्या दफनभूमीत जा आणि कार्यालयात कार्पेंटर कुटुंबाची जागा विचारा. तिथे आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी नवरा बरोबर नसताना बोटीने निघालेली मुलगी, १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, १८८७ मध्ये पुण्यात वारली. ज्या कार्पेंटर बाईंनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं, त्यांच्याकडे अस्थी पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या आपल्या घरच्या माणसांत ठेवल्या. दगड साधा आहे, नाव आणि पुढे एम.डी. मी साताऱ्याहून नेलेलं हळदीकुंकू वाहिलं. मग कुंकू दगडावर डाग पाडेल म्हणून रुमालाने पुसून घेतलं, थोडं खाचेत राहिलंच.

न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. पण २०२४ च्या गाझाविषयीच्या आंदोलनांनंतर फाटकं सगळ्यांना खुली नाहीत, आधी परवानगी लागते. २०२५ मध्ये सरकारने त्या विद्यापीठाचं ४० कोटी डॉलरचं अनुदान रोखलं आणि शेवटी विद्यापीठाने वीस कोटी भरायचं कबूल करून तडजोड केली. मला ती तडजोड पटलेली नाही.

आणि जमलं तर अलाबामातलं माँटगोमेरी. झुंडीने मारलेल्या कृष्णवर्णीयांचं स्मारक, २०१८ मध्ये उघडलेलं. ८०० हून अधिक पोलादी खांब, प्रत्येक एका काउंटीचा, त्यावर तिथे मारलेल्यांची नावं. सुरुवातीला खांब आपल्या उंचीला असतात, नावं समोर वाचता येतात. पुढे जमीन उतरत जाते आणि खांब वर राहतात. शेवटी ते डोक्यावर टांगलेले असतात आणि मान वर करून बघावं लागतं. माझ्या जावयाने, जो कधी काही बोलत नाही, तिथे माझा हात धरला.

बंदुकांची भीती वाटत नाही का?

वाटते. नातू सहा वर्षांचा आहे आणि शाळेत त्याला अंधार करून, आवाज न करता कोपऱ्यात बसायचा सराव करून घेतात. तो ते खेळ म्हणून दाखवतो. त्या देशात माणसांहून बंदुका जास्त आहेत. याला दुसरी काही बाजू आहे असं मी मानत नाही.

तिकडच्या लोकांशी राजकारणावर बोलावं का?

विचारावं, सांगू नये. आधी गावाबद्दल, कामाबद्दल विचारा, मग माणूस आपणच बोलतो. आणि भारतावर प्रश्न आले तर खरं उत्तर द्या. आमच्याकडे सगळं छान आहे म्हणाल तर पुढचं बोलणं संपलं.

आता पुढे काय होईल?

३ नोव्हेंबर २०२६ ला मध्यावधी निवडणूक आहे, म्हणजे आपल्यासारखी सरकार पडून होणारी नव्हे, राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध ठरलेली. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश. टेक्सासने २०२५ मध्ये मधेच मतदारसंघ ट्रम्प यांच्या पक्षाच्या सोयीने कापले, कॅलिफोर्नियाने जनमत घेऊन उलट कापले. दोन्ही मला चूक वाटतात, पहिलं जास्त. ४ नोव्हेंबर २०२५ ला न्यू जर्सीत मिकी शेरिल राज्यपाल म्हणून निवडून आल्या आणि नदीपलीकडे झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून, दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाचे, तेव्हा लेकीच्या गल्लीतल्या लोकांच्या चालण्यात मला वर्षात पहिल्यांदा हुशारी दिसली. त्यावरून २०२६ चं भाकीत मी करणार नाही.

१९ जुलै २०२६ ला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना न्यू जर्सीतच आहे, तेव्हा त्या सुमारास जाणाऱ्यांनी तिकिटं आणि खोल्या आत्ताच बघाव्यात. मी ऑक्टोबरात जाणार आहे. नमुना मतपत्रिका येईल तेव्हा लेकीला सांगून ठेवलंय, या वेळी खालून वाचायला सुरुवात करायची, शाळा मंडळापासून.